चाळीस काठ्या

रणांगणातून किती पळावे, याचा नियम सरदार गिशारनेच लिहिला होता.

तीन वर्षांपूर्वी काउंटने पांढऱ्या बगळ्याचा संघ काढला, तेव्हा त्यातल्या तेवीस सरदारांत सलग चार वाक्ये लिहू शकणारा गिशार एकटाच होता. त्यामुळे नियमावलीचे काम त्याच्या गळ्यात पडले. पडले म्हणण्यापेक्षा त्यानेच गळा पुढे केला. झग्यांचा रंग, उपवासाचे वार, पंगतीत कोण कुठे बसणार, हे सगळे दुपारपर्यंत उरकले आणि मग मागे हटण्याचा विषय निघाला. एक पाऊलही हटायचे नाही, असे तरुण काउंटचे मत होते. पण घोडा हा घोडा असतो, तो दोन पावले मागेपुढे करणारच, हे जुन्या लोकांनी त्याला समजावले. कोणी जमीन मोजायच्या तीस काठ्या म्हणाले. गिशारला तीस म्हणजे चिक्कूपणा वाटला. पन्नास म्हटले तर उघड उघड पळणेच झाले. चाळीस मात्र कानाला बरे वाटत होते. उपवासाचे दिवस चाळीस, प्रलयाचा पाऊसही चाळीस दिवस. त्याने बोरू शाईत बुडवला आणि लिहिले, ‘संघाचा सरदार चाळीस काठ्यांपलीकडे हटणार नाही. तिथे तो उभा राहील आणि मरेल किंवा पकडला जाईल.’ वाचून दाखवल्यावर सगळ्यांनी टेबलावर मुठी आपटल्या. सगळेच प्यायलेले होते आणि गेल्या दहा वर्षांत त्यांच्यातल्या कोणावर पळायची वेळ आली नव्हती.

ती वेळ गेल्या शरदात ब्रेनीच्या ओढ्याकाठी आली. समोर इंग्रज तिरंदाज होते. तेवीस सरदार गेले आणि नऊ परत आले.

या नऊ जणांशी नेमके कसे वागावे, हे कोणालाच कळेना. जिवंत आहेत म्हणून आनंद करावा, तर जिवंत कसे काय आहेत हा प्रश्न उभा राहत होता. चर्चमध्ये नऊही जण एकमेकांकडे न बघता प्रार्थना करत. गिशार तर लढाईचा विषय निघाला की पायाच्या अंगठ्याच्या दुखण्याबद्दल बोलू लागे. दुखणे खरेच होते, पण इतके बोलण्यासारखे नव्हते.

संघाची एक रीत होती, आणि तीही अर्थात गिशारच्याच डोक्यातून निघालेली. ऑगस्टात मेरीमातेच्या सणाला प्रत्येक सरदाराने पवित्र ग्रंथावर हात ठेवून आपल्या वर्षभराच्या पराक्रमाची हकिगत सांगायची. मानाची तेवढीच नव्हे, लाजेचीही. मठातला बंधू ओदों ती संघाच्या मोठ्या वहीत उतरवून घेई. संघाच्या दालनाच्या भिंतीवर सगळ्यांच्या ढाली टांगलेल्या होत्या, मेलेल्यांच्यासुद्धा. ज्याच्या हातून लाजिरवाणे काही घडले असेल, त्याने आपली ढाल स्वतःच्या हाताने उलटी करायची, तोंड भिंतीकडे.

गिशारला ढालीची काळजी होतीच, पण त्याहून जास्त पुस्तकाची होती. तीन हिवाळे तो ‘सरदाराची स्थिरता’ नावाचे पुस्तक लिहीत होता. अकरा अध्याय झाले होते. अकरावा ‘पाठ न दाखवण्याविषयी’ होता आणि सगळ्यांत चांगला उतरला होता. सण झाला की काउंट त्याच्या सहा नकला करवून घेणार होता, त्यातली एक थेट पॅरिसला जायची होती. ढाल उलटी झालेल्या माणसाचे स्थिरतेवरचे पुस्तक पॅरिसमध्ये कोण वाचणार?

सणाला आठ दिवस उरले असताना शेजारचा सरदार फुल्क न सांगता जेवायला आला. पेरोनेलने, म्हणजे गिशारच्या बायकोने, वाम मासा कणकेत भरून भाजला होता. फुल्कने तीन वेळा वाढून घेतला, बोटे चाटली आणि म्हणाला, “गिशार, तुझं मीठ खाऊन सांगतोय म्हणून वाईट वाटतं. पण ग्रंथावर हात ठेवला की मला खोटं बोलवणार नाही. ब्रेनीला तू चाळीस काठ्यांच्या पुढं गेला होतास.”

गिशारने पेला खाली ठेवला. “कोण म्हणतं?”

“मी म्हणतो. या डोळ्यांनी बघितलंय.”

“चौथा अध्याय वाचून दाखवला वाटतं तुम्हाला कोणीतरी,” पेरोनेल म्हणाली.

चौथा अध्याय ‘घोड्यावर कसे बसू नये’ हा होता. त्यात नाव कोणाचेच नव्हते, पण ओल्या पोत्यासारखा बसणारा आणि लगामाऐवजी आयाळ धरणारा सरदार कोण, हे पंचक्रोशीत पोराटोरांनाही कळले होते. फुल्कचे कान लाल झाले.

“त्याचा काही संबंध नाही, वहिनी.”

“मी दगडी क्रुसापाशी थांबलो होतो,” गिशार म्हणाला. “क्रूस चाळिसाच्या आतच आहे. हवं तर मोजू.”

हे तो रागाच्या भरात बोलून गेला. पण एकदा शब्द तोंडातून गेला की सरदाराला मोजावेच लागते.

दोन दिवसांनी सगळे ब्रेनीला पोचले. बंधू ओदोंने मठाची जमीन मोजायची काठी आणली होती. फुल्कने काउंटच्या कारभाऱ्याकडून दुसरी आणली, कारण मठावर त्याचा विश्वास नव्हता. पेरोनेल खेचरावर दोन उशा टाकून आली होती, बरोबर जेवणाची टोपली. तिला कोणी बोलावले नव्हते. पण तिचा धाकटा भाऊ रेनिए त्या लढाईत पडला होता आणि ती जागा तिला एकदा बघायची होती. रेनिए पहिल्या फळीत, भाला हातात, तोंड शत्रूकडे करून पडला, असे गिशारने तिला सांगितले होते. नवव्या अध्यायात त्याने ते लिहिलेही होते, इतके सुंदर की पेरोनेल दर शुक्रवारी ते वाचून घेई आणि रडे.

ते शेत रोबिनेत नावाच्या एका विधवेचे होते. ती कमरेवर हात ठेवून बांधावर उभी होती.

“धनी, एकामागं एक चाला. सलगमावर पाय देऊ नका,” ती म्हणाली. “गेल्या साली तुम्ही समद्यांनी मिळून तुडवलं, यंदा तरी माझ्या तोंडात पडू द्या.”

“आजीबाई, इथं सरदाराच्या इज्जतीचा प्रश्न आहे,” फुल्क म्हणाला.

“असंल की. पर ती सरीतनं चालू द्या.”

मग दोन सरदार, एक साधू, काठ्या धरणारे दोन गडी आणि मागून पेरोनेल सरीतून पाय जपत चालू लागले. सरदारांची फळी शेताच्या अलीकडच्या चरापाशी उभी होती, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. तिथून ओदोंच्या गड्याने मोजायला सुरुवात केली. शेत संपले, काट्यांचे कुंपण ओलांडले आणि अडतिसाव्या काठीला काठीचे टोक दगडी क्रुसाला टेकले.

“अडतीस!” गिशार इतक्या मोठ्याने ओरडला की कावळे उडाले.

“थांब जरा,” फुल्क म्हणाला. त्याच्या गड्याने काउंटच्या काठीने तेच अंतर मोजले. ते सेहेचाळीस भरले, वर जवळजवळ अर्धी काठी.

ओदोंने दोन्ही काठ्या शेजारी शेजारी जमिनीवर ठेवल्या. मठाची काठी बावीस फूट होती, काउंटची अठरा. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मठाला कुळाकडून काम मोजून घ्यायचे असते तेव्हा लांब काठी आणि काउंटला जमीन मोजून द्यायची असते तेव्हा आखूड, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. फक्त नियम लिहिताना, ‘चाळीस’ या आकड्याच्या प्रेमात पडलेल्या गिशारला कोणाची काठी ते लिहायचे सुचले नव्हते.

“नियमात काय म्हटलंय?” ओदोंने विचारले.

“काठ्या म्हटलंय,” गिशार पडेल आवाजात म्हणाला.

“कोणाच्या?”

तेवढ्यात मागून पेरोनेल म्हणाली, “अहो, नियम कोणी लिहिला? तुम्हीच ना? मग लिहिताना तुमच्या मनात कोणाची काठी होती, ते तुम्हीच सांगायचं. दुसरं कोण सांगणार?”

बायकोचे इतके कौतुक गिशारला लग्नातही वाटले नव्हते. “मठाची,” तो ताबडतोब म्हणाला. “पहिल्यापासून मठाचीच. संघाचं काम म्हणजे देवाचं काम.”

“लिहून घेतो,” ओदों म्हणाला.

“असं कसं?” फुल्क उसळला. “आणि मुळात हा क्रुसापाशी थांबलाच नव्हता! पुढं गेला, मी बघितला!”

“फुल्कभाऊजी,” पेरोनेल अगदी गोड आवाजात म्हणाली, “हे क्रुसाच्या पुढं गेले ते तुम्ही बघितलंत. पाठ बघितलीत की तोंड?”

“तोंड. स्पष्ट बघितलं. घामानं डबडबलेलं—” फुल्क म्हणाला आणि मध्येच गप्प झाला. कावळे पुन्हा क्रुसावर येऊन बसले. फुल्कने घसा खाकरला, क्रुसाकडे बघितले, आकाशाकडे बघितले आणि म्हणाला, “तसं ऊन फार होतं. दुसराही कोणी असेल.”

प्रकरण मिटले. गिशारचा जीव भांड्यात पडला. पेरोनेलने कुंपणालगतच्या नासपतीच्या झाडाखाली चादर अंथरली, थंड मांस, चीज आणि वाईन काढली. रोबिनेतलाही तिने मोठा तुकडा दिला. फुल्कने गिशारच्या पेल्याला पेला लावला, एकदा नव्हे, दोनदा. गिशार मनात अकराव्या अध्यायात एक चांगली ओळ वाढवत होता.

“एक इचारू का, धनी?” रोबिनेत चीज चघळत म्हणाली. “मठाची काठी खरी ठरली न्हवं? मग त्या दुसऱ्या धन्याचं चुकलंच म्हणायचं.”

“कोणत्या दुसऱ्या?”

“लालसर मिशांचे. तरणे व्हते. मी याच झाडावर चढून बसले व्हते बगा, जीव मुठीत धरून. ते घोड्यावरनं आले, कुंपणापाशी थांबले आन्‌ वर बगून म्हनले, बाई, तुझं शेत लांबीला किती काठ्या? मी म्हनलं, चाळीस. चाळीसच हाय की, काउंटाच्या दप्तरात तसंच हाय. तर म्हनले, बरं झालं. आन्‌ घोडा फिरवून हुबेच ऱ्हायले.”

पेरोनेलच्या हातातली सुरी थांबली.

“मी म्हनलं, धनी, ते काय रान दिसतंय, तीस पावलं बी न्हाईत, शिरा की! तर म्हनले, न्हाई, तसं लिवलंय.” रोबिनेतने गिशारकडे बोट केले. “मग मी हे धनी दावले. ह्यांचा घोडा तिकडं क्रुसापाशी थकून थांबला व्हता आन्‌ हे त्याला सोडून पायीच पळत व्हते. म्हनलं, ते बगा, ते कसे चाललेत, तुमी बी जावा. तर हसले. म्हनले, तो माझा मेहुणा हाय. नियम त्यानंच लिवलाय. तो मदत आणाया चाललाय.”

बंधू ओदों भला माणूस होता, पण हिशेबाची खोड वाईट. तो बोटांवर मोजत पुटपुटला, “मठाच्या काठीनं कुंपण तेहतिसाच्या आतच येतं. म्हणजे त्यांना अजून सात काठ्या होत्या. रानात पोचून वर उरल्या असत्या.” मग त्याला आपण काय बोललो ते कळले आणि त्याने पेल्यात तोंड घातले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “जेवताना ऐकलेलं मी वहीत लिहीत नसतो.”

“मीही काही ऐकलं नाही,” फुल्क म्हणाला.

म्हणजे गिशार आता पुरता सुरक्षित होता. साधू गप्प, शत्रू गप्प आणि विधवेला दालनात कोण बोलावतो. त्याने मात्र हातातला तुकडा टोपलीत परत ठेवला.

परतताना पेरोनेलचे खेचर त्याच्या घोड्याशेजारून चालत होते. शेत दिसेनासे झाले. मग तिने विचारले, “मदत आणायला गेला होतात?”

“नाही.”

“मग कुठं?”

“पाणचक्कीत. चाकामागे.”

“किती वेळ?”

“अंधार पडेपर्यंत.”

पेरोनेलने उशी सारखी केली. “तुम्ही लिहिता ते सगळे ऐकतात, माना डोलावतात आणि जेवायला उठतात,” ती म्हणाली. “खरं मानणारा तेवढा रेनिएच होता.”

त्यानंतर सहा दिवस ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. जेवण वेळेवर येई, अंगठ्याला लावायचा लेप वेळेवर येई, फक्त ती येत नसे. शुक्रवारी तिने नववा अध्याय वाचायला सांगितला नाही. गिशार लिहायला बसला की त्याला लाल मिशा दिसत, आणि सगळ्यांत जास्त छळत होते ते त्या पोराचे हसणे. एवढा विश्वास त्याच्यावर त्याच्या आईनेही कधी टाकला नव्हता.

सणाच्या दिवशी दालन माणसांनी भरले. सगळ्यांच्या हकिगती होईपर्यंत कोणी जेवायचे नाही असा नियम होता, त्यामुळे तरुण काउंट सारखा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. नियम लिहिणारा म्हणून पहिला मान गिशारचा. त्याने ग्रंथावर हात ठेवला.

“ब्रेनीच्या लढाईत मी पळालो,” तो म्हणाला.

“अडतीस काठ्या,” ओदोंने लिहिता लिहिता आधार दिला. “मठाच्या.”

“खोड ते, ओदों. मी मोजल्याच नाहीत. कुंपणापाशी रेनिए थांबलेला मी बघितला, मला तो दिसला, आणि मी तसाच पुढं गेलो. घोडा थकला तेव्हा घोडा टाकून गेलो. तो चाळिसावर थांबला, कारण चाळीस मी लिहिलं होतं. आणि मी चाळीस का लिहिलं, तर ते कानाला बरं वाटत होतं. दुसरं काही कारण नाही. तो पहिल्या फळीत पडला हे मी सांगितलं, ते खोटं आहे. तो माझ्या वाक्यापाशी पडला.”

बायकांच्या बाकावर पेरोनेल मान ताठ ठेवून बसली होती.

काउंट गोंधळला. त्याला भूकही लागली होती. “पण सरदार फुल्क तर म्हणतात की त्यांची काही तक्रार नाही.”

फुल्क उठला. बसला. पुन्हा उठला.

“पाणचक्कीत पिठाची कोठी आहे,” तो म्हणाला. “मी तिच्यात होतो. फटीतून बघत होतो. हा आला नि झाकण ओढायला लागला. मी आतून धरून ठेवलं.”

“तू होतास?” गिशार वळून म्हणाला. “मला वाटलं बिजागरी गंजलीय! मी म्हणून चाकामागे बसलो! कमरेपर्यंत पाणी होतं तिथं!”

“दोघं मावलो नसतो रे.”

“विचारायचं तरी!”

कोणीतरी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते नाकातून बाहेर पडले. एका डोळ्याने अधू असलेला म्हातारा सरदार आल्बेरिक उठून म्हणाला की आपण मागे हटलोच नाही, आपण डावीकडे हटलो, आणि डावीकडे किती हटावे हे नियमात नाही. पण विचाराल तर पाच कोस. त्यानंतर उरलेले सहाजण उठले. कोणी ओढ्यातून, कोणी मढी अंगावर घेऊन, एकजण रोबिनेतच्याच डुकरांच्या खोपटातून. वर्षभर प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच आहोत. सांगून झाल्यावर ते असे सैल बसले की जणू चिलखत उतरवले.

“नियमाचं काय करायचं?” काउंटने विचारले.

“तो फाडा,” गिशार म्हणाला. “माझा अकरावा अध्याय मी सकाळी फाडलाय. नववा नव्यानं लिहितोय. नकला करायची घाई नको, पॅरिस काही अडून बसलेलं नाही.”

काउंटने मान हलवली, आणि आधी ढाली, मग जेवण, असे फर्मावले. ढाल उलटी करायला गड्याची मदत चालत नव्हती आणि अख्ख्या दालनात शिडी एकच होती. नऊ म्हातारे सरदार शिडीपाशी रांगेत उभे राहिले. स्वयंपाकघरातून भाजल्या मांसाचा वास येत होता आणि मागचे पुढच्यांना आटपा म्हणून ढोसत होते.

पहिला नंबर गिशारचा होता. त्याने दुखऱ्या अंगठ्याचा पाय पहिल्या पायरीवर ठेवला आणि शिडी डगमगली. मागे फुल्क उभा होता, पण तो स्वतःच भिंतीला धरून होता. तेवढ्यात बायकांच्या बाकावरून पेरोनेल उठली. सगळ्यांच्या देखत दालन ओलांडून आली आणि शिडीपाशी उभी राहिली. सहा दिवसांनी ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

“नीट चढा,” ती म्हणाली. “पडलात तर मी धरणार नाही.”

तो चढला. त्याने आपली ढाल उतरवली, वळवली आणि तोंड भिंतीकडे करून टांगली. शेजारीच रेनिएची ढाल सुलटी होती. ती बघून त्याचे डोळे भरून आले. पायरी दिसेना, म्हणून तो तिथेच थांबला.

“उतरा,” खालून पेरोनेल म्हणाली. “सावकाश. लोक भुकेलेत.”

आणि शिडी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.